कसणाऱ्याच्या नावाचा रकाना

तेलुगूत शेतकऱ्याला 'रैतु' म्हणतात. आपल्या 'रयत'चंच ते रूप, मूळ अरबी. पैसे मोजून दुसऱ्याची जमीन कसणारा तो 'कौलु रैतु'. हा कौलही अरबीच. अर्थ शब्द, वचन. मराठीत कौल देवाचा लागतो, मतदारांचा मिळतो आणि जुन्या दफ्तरात कौलनामा सापडतो. जानेवारी २०२५ च्या शेवटी मी निजामाबाद जिल्ह्यात, आर्मूरच्या बाजूच्या एका गावात चार दिवस राहिलो. तेलुगू मला हैदराबादेत दहा वर्षं नोकरी करूनही रिक्षावाल्याशी भांडण्यापुरतीच येते. पण पट्टा, पहाणी, बाकी, वसूल, रशीद हे शब्द कानावर पडले की काय चाललंय ते समजायचं. कागदाची भाषा कळत होती, पिकाची कळत नव्हती. हळदीला ते 'पसुपु' म्हणतात हे मला तिथेच कळलं, आणि मी तर हळदीच्या जिल्ह्यातला.

माझं गाव साखरा, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली. अब्बांच्या नावावर जमीन नाही. मामू बटईने करतात. कधी सोयाबीन-तूर, पाण्याची सोय असलेला तुकडा मिळाला तर हळद. मी सॉफ्टवेअरमध्ये गेलो तो मामूंनी दोन वर्षं माझी इंजिनिअरिंगची फी भरली म्हणून. ती फी दुसऱ्याच्या जमिनीतून निघाली होती. हे आधीच सांगतो, कारण पुढे मी जे म्हणणार आहे त्यात माझा हितसंबंध आहे.

ऑफिसातल्या सहकाऱ्याने गावी बोलावलं होतं. निमित्त हळद काढणीचं. गाव मोठं, घरं बहुतेक पक्की, आणि दर दुसऱ्या घरातला कुणीतरी दुबईत नाहीतर मस्कतमध्ये. संध्याकाळी पारावर म्हाताऱ्यांच्या हातात व्हिडिओ कॉल सुरू असतात. शेतात कुदळी चालू होत्या, बायका गड्डे फोडून हळकुंड आणि बेणं वेगळं करत होत्या, एका कडेला कुकरमधून वाफ निघत होती. तो वास आला आणि क्षणभर मला वसमतच्या रस्त्यावर असल्यासारखं वाटलं. लागवडीत थोडा फरक आहे, पण भावाची रड अगदी तीच. इथले शेतकरीही चांगल्या भावासाठी माल सांगलीला नेत आलेत. सांगली म्हटल्यावर माझ्या सहकाऱ्याच्या वडिलांनी मला जो मान दिला तो सांगलीच्या आडत्यांचा होता, माझा नव्हे.

या भागाने २०१९ मध्ये देशाला एक गंमत दाखवली होती. लोकसभेच्या निजामाबाद मतदारसंघातून १७८ शेतकऱ्यांनी अर्ज भरले. हळदीला आणि लाल ज्वारीला भाव द्या, हळद बोर्ड आणा, एवढीच मागणी. एकूण उमेदवार १८५ झाले. आयोगाला प्रत्येक केंद्रावर बारा-बारा मतदान यंत्रं जोडून ठेवावी लागली. सत्ताधारी पक्षाच्या खासदार हरल्या, आणि बोर्ड आणण्याचं वचन बाँडपेपरवर लिहून देणारा उमेदवार जिंकला. बोर्डाची घोषणा व्हायला ऑक्टोबर २०२३ उजाडलं आणि उद्घाटन झालं १४ जानेवारी २०२५ ला, संक्रांतीच्या दिवशी. मी पोचलो तेव्हा दोन आठवडेच झाले होते आणि गावात तोच विषय होता. मला ही लढाई आवडते. कुणी जात विचारली नाही, कुणी धर्म विचारला नाही, पिकाच्या नावावर लोक उभे राहिले. पण त्याच गावात एक माणूस भेटला, ज्याला या बोर्डाचं फारसं कौतुक नव्हतं.

वय पन्नाशीचं. घरात दख्खनी बोलणारा, बाहेर अस्सल तेलुगू. मी नाव सांगितल्यावर त्याने लगेच भाषा बदलली आणि मला घरी आल्यासारखं झालं, कारण आमच्या साखऱ्यातही मुसलमानांच्या घरात हेच 'हौ', 'नक्को', 'कायकू' चालतं. (हा 'नक्को' मराठीतून गेलेला आहे, हे मी त्याला सांगितलं. त्याला काही विशेष वाटलं नाही.) तो माझ्या सहकाऱ्याच्या वडिलांची चार एकर कौलाने करतो. कौलाचे पैसे पेरणीआधी रोख. पीक बुडालं तरी ते परत येत नाहीत. आमच्याकडच्या बटईत निदान नुकसानही अर्धं अर्धं वाटलं जातं. कौलात ते सगळं कसणाऱ्याच्या अंगावर.

त्याच आठवड्यात, २६ जानेवारीला, तेलंगणा सरकारने 'रैतु भरोसा' सुरू केली. एकरी वर्षाला १२ हजार, हंगामाला ६ हजार. आधीच्या सरकारची 'रैतु बंधु' १० मे २०१८ ला सुरू झाली होती, तेव्हा हंगामाला ४ हजार होते, पुढे ५ झाले. आपल्याकडे या योजनेचं केवढं कौतुक झालं आठवा. २०१८ मध्ये नांदेडच्या धर्माबाद तालुक्यातली गावं म्हणाली होती, आम्हाला तेलंगणात घ्या. मला तेव्हा ते पटलं होतं. चार एकरांचे या हंगामाचे होतात २४ हजार. ते जातात पट्टा ज्याच्या नावावर त्याच्या खात्यात. म्हणजे माझ्या यजमानांच्या.

मी त्या भाईंना विचारलं, तुम्हाला काय? ते म्हणाले, "हमारे नाम पे कुछ बी नै आता भई. जमीन पटेल की है ना. हमारा खाली पसीना है."

निवडणुकीआधी कौलदारांनाही पैसे देऊ असं आश्वासन होतं. सरकार आलं, रक्कम १५ हजारांची १२ हजार झाली आणि कौलदार वगळले गेले. भूमिहीन मजुरांसाठी वेगळी योजना त्याच दिवशी आली, वर्षाला १२ हजार, पण तिला रोजगार हमीवरचे दिवस भरलेले लागतात. चार एकर हळद करणारा माणूस रोजगार हमीवर कधी जाणार? तो शेतकऱ्यांतही नाही, मजुरांतही नाही. 'रैतु बीमा' म्हणून ५ लाखांचा विमा आहे, १८ ते ५९ वयाच्या शेतकऱ्यांसाठी. तोही पट्टा असणाऱ्यांनाच.

माझा धंदा डेटाबेसचा आहे, म्हणून यातली एक गोष्ट मला जास्त बोचली. जुन्या पहाणीत जमीन कुणाच्या मालकीची आणि प्रत्यक्षात ताब्यात कुणाच्या, असे वेगळे रकाने असत. तेलंगणाने २०१७ पासून नोंदी साफ करायला घेतल्या आणि पुढे २९ ऑक्टोबर २०२० ला 'धरणी' पोर्टल आणलं. या साफसफाईत ताबेदाराचा रकाना गेला. सरकारचं म्हणणं होतं, या रकान्यामुळे भांडणं होतात, लाच चालते. खरं असेलही. पण आम्ही लोक टेबलातून एक कॉलम काढतो तेव्हा त्यातली माहिती खोटी ठरत नाही, फक्त ती विचारता येत नाही. राज्यात कौलदार किती, असा प्रश्न उद्या मंत्र्याला पडला तरी यंत्राकडे उत्तर नाही. धरणी जाऊन दुसरं पोर्टल येणार असं गावात सगळे म्हणत होते. नाव बदलेल, पण रकाना परत येईल का, हे कुणी विचारत नव्हतं.

यजमानांशीही मी बोललो. माणूस भला आहे, चार दिवस त्यांच्या घरी जेवलो. ते म्हणाले, नाव लिहिलं की कूळ होतो. ही भीती हवेतली नाही. १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा तेलंगणात आणि आपल्या मराठवाड्यात एकच होता. संरक्षित कुळांना त्याने मालकी मिळवून दिली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं फुटली, नांदेड जिल्ह्यातली मुधोळ, भैंसा, कुबेर ही मंडळं तिकडे गेली, आदिलाबादचा किनवट तालुका इकडे आला, पण कायदा दोन्हीकडे राहिला आणि जमीनमालकाच्या मनातली धास्तीही. म्हणून दोन्हीकडे कुणी लिहून देत नाही. ज्या कायद्याने आजोबांच्या पिढीतल्या कुळाला जमीन दिली, त्याच्याच धाकाने नातवाच्या पिढीतला कौलदार कागदावरून नाहीसा झाला.

आता आपल्याकडे या. आपला सातबारा दोन नमुन्यांचा: सातमध्ये हक्क, बारामध्ये पीक. जुन्या बारामध्ये जमीन कसणाऱ्याच्या नावाला जागा होती. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. खातेदार मोबाईलवरून फोटो काढून आपलं पीक नोंदवतो. मामूंच्या हळदीचा फोटो मालकाच्या मोबाईलवरून जातो. पीएम किसानचे ६ हजार आणि नमो शेतकरीचे ६ हजार, दोन्ही खातेदार कुटुंबाला. पीक विमा बटईदाराला भरता येतो, पण नोंदणीकृत भाडेकरार जोडायचा. तोंडी बटई करणारा तो आणणार कुठून? आणि सगळ्यात वाईट, शेतकरी आत्महत्येनंतरची १ लाखाची मदत. तिला जमीन कुटुंबातल्या कुणाच्या तरी नावावर लागते, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं लागतं. बटईदाराने कर्ज काढलेलं असतं दुकानदाराकडून नाहीतर पाहुण्यांकडून. फायलीवर शेरा पडतो 'अपात्र'. माणूस मेला शेतीपायी, पण सरकारी हिशेबात तो शेतकरी नव्हताच.

हा विषय मी इथे का लिहितोय? कारण आपण मुस्लिम तरुण जमलो की नोंदींवर खूप बोलतो. मतदारयादीतलं नाव, जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, स्पेलिंग. ती काळजी खरी आहे. पण मराठवाड्यातल्या गावागावात पिंजारी, बागवान, तांबोळी, मोमीन अशा घरांतली माणसं बटईने, ठोक्याने, मक्त्याने दुसऱ्याचं शेत करतात, आणि हंगाम संपला की त्यांच्या वर्षभराच्या कष्टाची एका ओळीचीही नोंद उरत नाही. यावर आपल्यात मी एकही चर्चा ऐकलेली नाही. कदाचित यात आपलं असं वेगळं काही नाही म्हणून. साखऱ्यात बटईने करणाऱ्यांत मातंग आहेत, बंजारा आहेत, धाकट्या भावाच्या वाट्याला काहीच न आलेला मराठाही आहे. मला तर नेमकं हेच महत्त्वाचं वाटतं. ही अशी मागणी आहे जी करताना आपल्याला आपलं नाव सांगून सुरुवात करावी लागत नाही.

साहित्यात आपण हे एकदा केलेलं आहे. १९९० मध्ये सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं; पुढच्याच वर्षी तेलुगूत खादर मोहिउद्दीन यांची 'पुट्टुमच्चा' ही कविता आली आणि १९९८ मध्ये तेलुगू मुस्लिम कवितांचा 'जल्जला' हा संग्रह. गावच्या भाषेत आम्हीही आहोत, हे दोन्हीकडच्यांनी साधारण एकाच काळात ठणकावलं. गावच्या दफ्तरात आहोत, हे मात्र अजून कुणी म्हटलेलं नाही.

तेलंगणाच्या त्या गावाला मी डोक्यावर घेत नाही. सवाऱ्या ठेवायची खोली मारुतीच्या देवळाला लागून आहे आणि मोहरमला निम्मं गाव तिथे असतं, हे पाहून बरं वाटलं. पण याच जिल्ह्यातल्या गाव विकास समित्यांनी दलित कुटुंबांवर बहिष्कार टाकल्याच्या बातम्याही आपण वाचलेल्या आहेत. एकी कुणाची आणि कुणाविरुद्ध, हे गावात नीट पाहावं लागतं.

कायदा होऊ शकत नाही असं नाही. एकत्रित आंध्र प्रदेशाने २०११ मध्ये कौलदारांना कर्जासाठी पात्रता कार्ड द्यायचा कायदा केला होता. तेलंगणात तो नंतर कपाटात गेला. आंध्रने २०१९ मध्ये नवा केला: ११ महिन्यांचं कार्ड, जमिनीवर कसलाही हक्क नाही, फक्त पीककर्ज, विमा आणि मदत मिळण्यापुरतं. त्यात मेख एवढीच की मालकाची सही लागते. मालक सही देत नाही, मग कार्ड निघत नाही. माझ्या मते सही मालकाची नको, ग्रामसभेची हवी. अमक्या गटात यंदा कोण पेरतंय हे गावात प्रत्येकाला माहीत असतं. एका हंगामापुरती नोंद, हंगाम संपला की आपोआप रद्द, आणि तिच्या आधारे कूळ लागणार नाही हे कायद्यातच लिहिलेलं. पोर्टलमध्ये हे बसवायला माझ्यासारख्या चार जणांना महिनाभराचं काम आहे. अवघड आहे ते मालकांसमोर बोलणं.

आणि बोलायला सुरुवात घरातूनच करायची तर आपापल्या गावच्या दर्ग्याची, मशिदीची खिदमतमाश जमीन कोण कसतं, त्याच्या हातात कागद आहे का, हे आधी विचारू. तिथे मालक पाटील नाही. तिथे सबब कुठली सांगणार?

१ मेच्या ग्रामसभेत साखऱ्यात बटईदारांची यादी करण्याचा ठराव मांडावा असं माझ्या डोक्यात आहे. ईदला गेलो तेव्हा मामूंना सांगितलं. हळद शिजवून वाळत घातलेली होती, ते दाताळ्याने ती पसरवत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठराव तू मांड. पण यादीत पहिलं नाव माझं टाकशील, तर येत्या जूनला पाटील शेत मला देतील का, हे आधी त्यांना विचारून ये."

पाटलांकडे मी अजून गेलेलो नाही. पुढच्या शनिवारी जाणार आहे.