शाळेची लंडनवारी आणि सीमेवरचा कागद

ब्रिटन आणि युरोपीय महासंघ यांचे संबंध सुधारत असल्याचा निर्वाळा लंडन आणि ब्रसेल्समधून अलीकडे वारंवार दिला जातो. तो कितपत खरा, हे जोखण्याचे एक साधे माप उपलब्ध आहे. युरोपातील एखाद्या शाळेचा संपूर्ण वर्ग सहलीसाठी लंडनला जाऊ शकतो का? या प्रश्नातील ‘संपूर्ण’ हा शब्द महत्त्वाचा आहे.

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांनी लंडन पाहून यावे, हा फ्रान्समधील शाळांचा जुना प्रघात. शिक्षकांसह मुलांची बस कॅले बंदरात येते आणि बोटीने अथवा समुद्राखालच्या बोगद्यातून इंग्लंडमध्ये दाखल होते. मुक्काम बहुधा लंडनबाहेर, केंट किंवा ससेक्स परगण्यातील एखाद्या गावी असतो. दोन-तीन मुले एका स्थानिक कुटुंबात राहतात. वर्गात घोकलेले इंग्रजी न्याहारीच्या टेबलावर प्रथमच उपयोगास येते ते तेथे. दिवसा ब्रिटिश म्युझियम, बकिंगहॅम राजवाड्यासमोरील पहारेबदल, ग्रीनिच येथील शून्य रेखावृत्ताची रेघ. राष्ट्रीय संग्रहालयांतील प्रवेशशुल्क डिसेंबर २००१ मध्ये सर्वत्र रद्द झाल्याने एवढ्या महागड्या शहराची सहलही शाळेच्या अंदाजपत्रकात कशीबशी बसत असे. मुलांना घरी ठेवून घेणाऱ्या कुटुंबांनाही चार पैसे मिळत.

ही घडी विस्कटली ती १ ऑक्टोबर २०२१ रोजी. ब्रेक्झिटनंतरच्या नियमांनुसार त्या दिवसापासून युरोपीय नागरिकांना केवळ राष्ट्रीय ओळखपत्रावर ब्रिटनमध्ये प्रवेश मिळेनासा झाला. पासपोर्ट अनिवार्य ठरला. फ्रान्समध्ये ओळखपत्र विनामूल्य मिळते. पासपोर्टसाठी मात्र पंधरा वर्षांखालील मुलाला १७ युरो आणि त्यापुढील अल्पवयीनांना ४२ युरो मोजावे लागतात. मध्यमवर्गीय घराला हा खर्च जाणवणार नाही, पण तीन मुले असलेल्या कामगार कुटुंबाला तो चार दिवसांच्या सहलीसाठी जड वाटला तर नवल नाही.

याहून मोठा फटका दुसऱ्या, फारशा चर्चेत न आलेल्या बदलाचा होता. युरोपातील शाळांत युरोपबाह्य देशांचे नागरिकत्व असलेली मुले मोठ्या संख्येने शिकतात. त्यांची नावे शिक्षकांसोबतच्या अधिकृत यादीत असल्यास त्यांना स्वतंत्र व्हिसा लागू नये, अशी सवलत महासंघाच्या १९९४ च्या निर्णयाने दिली होती. ब्रिटनने तीही मानणे थांबवले. परिणामी, पॅरिसच्या उपनगरातील एखाद्या वर्गातील अल्जीरियन किंवा मोरोक्कन पासपोर्टधारक मुलाला वर्गमित्रांबरोबर लंडनला जाण्यासाठी शंभर पौंडांच्या आसपास शुल्क, बोटांचे ठसे आणि अर्ज केंद्रातील हेलपाटे अटळ झाले. जर्मनीत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी अभियंत्यांच्या घरांनाही हा अनुभव परका नाही. भारतीय पासपोर्ट असलेला मुलगा जन्मापासून स्टुटगार्टमध्ये वाढलेला का असेना, वर्गाची लंडनची सहल ठरली की पालकांना ब्रिटिश व्हिसाच्या मागे लागावे लागे.

येथेच या प्रश्नाचे मर्म आहे. सीमेवरील अधिकारी प्रवासी एकेक मोजतो. शाळेच्या दृष्टीने वर्ग हा एकच असतो. तीस मुलांपैकी दोघांची कागदपत्रे होत नसतील तर त्या दोघांना मागे ठेवून जावे, की सहलच रद्द करावी? पहिला पर्याय कोणत्याही संवेदनशील शिक्षकाला रुचणारा नाही. त्यामुळे अडचण दोघांची असली तरी सहल तिसांची बुडते. ब्रिटनमधील पर्यटन संस्थांच्या ‘टुरिझम अलायन्स’ या महासंघाने केलेल्या पाहणीत २०२२ मध्ये आलेल्या शालेय सहलींतील विद्यार्थ्यांची संख्या २०१९ च्या तुलनेत ८३ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. त्यात करोनाच्या साथीचाही वाटा होता, हे मान्य करायला हवे. परंतु इंग्रजी ऐकवायचे तर डब्लिन आणि माल्टा हे पर्याय शाळांपुढे होतेच. दोन्ही महासंघातील देश असल्याने युरोपीय मुलांना तेथे ओळखपत्र पुरते. माल्टा तर शेंगेन क्षेत्रातच आहे.

ब्रिटिश गृहखात्याची बाजू निराधार नव्हती. ओळखपत्रांत बनावटगिरी सोपी असते आणि सीमेवर त्यांचाच सर्वाधिक गैरवापर होतो, असा त्याचा युक्तिवाद. एकट्यादुकट्या प्रवाशाबाबत तो पटण्यासारखा आहे. चौदा वर्षांची मुले, सोबत ओळखीचे शिक्षक, परतीच्या बसची वेळ ठरलेली. अशा समूहाला तोच निकष लावण्यात कोणते संरक्षण साधले, याचे समाधानकारक उत्तर मात्र मिळाले नाही.

खुद्द ब्रिटननेच नंतर ते अप्रत्यक्षपणे मान्य केले. १० मार्च २०२३ रोजी पॅरिसमध्ये ऋषी सुनक आणि इमॅन्युएल माक्रों यांची भेट झाली, तेव्हा शालेय सहलींवरील निर्बंध सैल करण्याचे ठरले. २८ डिसेंबर २०२३ पासून फ्रान्समधील शाळेच्या किमान पाच विद्यार्थ्यांच्या गटाला, मुले अठरा वर्षांपर्यंतची असल्यास, शाळेने भरलेल्या एका नमुना अर्जावर प्रवेश मिळू लागला. युरोपीय मुले ओळखपत्रावर आणि इतर मुले व्हिसाविना. एप्रिल २०२५ पासून युरोपीय प्रवाशांना ऑनलाइन पूर्वपरवानगी सक्तीची झाली आणि तिचे शुल्क त्याच महिन्यात १० वरून १६ पौंडांवर गेले. या गटांना तीही माफ आहे. थोडक्यात, १९९४ ची यादीच नव्या नावाने परतली. मध्ये दोन वर्षे गेली, आणि शाळेत दोन वर्षांत एक अख्खी तुकडी पुढे निघून जाते.

ही सवलत महासंघाला नव्हे, फ्रान्सला मिळाली, हे ध्यानात घेतले पाहिजे. जर्मनीला त्यासाठी आणखी थांबावे लागले. १७ जुलै २०२५ रोजी किअर स्टार्मर आणि फ्रेडरिक मेर्झ यांनी लंडनमध्ये केलेल्या मैत्री कराराच्या वेळी शालेय गटांना वर्षअखेरपर्यंत व्हिसामुक्त प्रवास देण्याचे ठरले. संरक्षण आणि स्थलांतर यांसारख्या बड्या विषयांच्या पंक्तीत शाळेच्या बसला जागा मिळाली, ही गोष्ट लहान नव्हे. पण एकेका राजधानीशी एकेक करार करण्याची ही पद्धत ज्या देशांचा राजकीय दबदबा कमी, त्यांच्या शाळांना रांगेत मागे उभी करते.

उलट दिशेने निघालेल्या मुलांचे हालही कमी नाहीत. ब्रिटिश शाळांच्या बसमधील प्रत्येक पासपोर्टवर फ्रेंच अधिकाऱ्यांना शिक्का मारावा लागू लागला, आणि ३१ मार्च २०२३ रोजी ईस्टरच्या सुटीच्या तोंडावर डोव्हर बंदराला आणीबाणीची स्थिती जाहीर करावी लागली. कित्येक सहलींच्या बसगाड्या चौदा-चौदा तास खोळंबल्या. शिक्क्याची जागा घेण्यासाठी चेहऱ्याचे छायाचित्र आणि बोटांचे ठसे नोंदवणारी महासंघाची नवी यंत्रणा ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. बारा वर्षांखालील मुलांना ठशांतून सूट आहे. चेहऱ्याच्या छायाचित्रातून नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये ब्रिटनने २०२७ पासून ‘इरॅस्मस प्लस’ या युरोपीय शैक्षणिक योजनेत परतण्याचे जाहीर केले. तिचे नाव विद्यापीठांशी जोडले गेले असले तरी शाळांच्या भेटीगाठींनाही तिच्यातून निधी मिळतो. मात्र इरॅस्मस बसचे भाडे देईल, सीमेवर कोणता कागद चालेल ते ठरवणार नाही. तो अधिकार गृहखात्याचा. आणि वसंत ऋतूतील सहलीचे पत्र पालकांच्या हाती पडण्यासाठी शाळांना तो कागद आदल्या शरद ऋतूतच ठाऊक असावा लागतो.