परिचारिकेच्या शाळेत जाण्यापूर्वी

बारावीचा निकाल लागला, की जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी परिचर्या विद्यालयांच्या दारांशी जी गर्दी लोटते, तिच्यात मुलींपेक्षा त्यांचे वडील, मामा आणि थोरले भाऊच अधिक असतात. आणि या मंडळींचे प्रश्न ऐकले तर ते बहुधा दोनच निघतात: फी किती, आणि नोकरी नक्की ना? प्रश्न रास्त आहेत. ज्या घरात एका मुलीच्या पगारावर धाकट्या भावाचे शिक्षण आणि बापाच्या कर्जाचा हप्ता अवलंबून राहायचा असतो, त्या घराने आणखी काही विचारावे अशी अपेक्षा धरणे हे सुखवस्तू माणसाचे लक्षण होय. तथापि आपली मुलगी तेथे दोन-तीन वर्षे नेमके काय शिकणार, आणि ते तिला कोण शिकवणार, हा तिसरा प्रश्न कोणीच विचारीत नाही. विद्यालयाच्या शपथविधीला पाहुणे म्हणून आलेले पुढारीही त्याला हात न लावता सेवा, त्याग, ममता आणि करुणा या चार शब्दांवर भाषण उरकून मोकळे होतात. माझे म्हणणे असे, की या स्तुतीनेच परिचारिकेच्या विद्येचे फार नुकसान केले आहे. ज्या कामाला एकदा व्रत म्हटले, त्याचे शिक्षण नीट झाले की नाही हे पाहण्याची कोणास गरज भासत नाही, आणि व्रत करणाऱ्या बाईने वेतनाची गोष्ट काढली तर ती मग ऐकणाऱ्यास अप्रशस्त वाटू लागते.

प्रथम थोडा तपशील. ए.एन.एम. हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. तो मुलींसाठी आहे आणि बारावीच्या कोणत्याही शाखेतून त्याला जाता येते. जी.एन.एम. तीन वर्षांचा असून त्यात मुलगेही असतात, आणि पुढे वॉर्डात त्यांना ‘ब्रदर’ म्हणतात. बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची विद्यापीठाची पदवी. तिचा विचार आज बाजूस ठेवतो. शिकून झाल्यावर राज्याच्या परिचर्या परिषदेत नाव नोंदवावे लागते. ही नोंदणी म्हणजेच परिचारिकेची सनद. ए.एन.एम. झालेली मुलगी पुष्कळदा खेड्यातील उपकेंद्रात रुजू होते. मैदानी मुलखात पाच हजार आणि डोंगरी व आदिवासी मुलखात तीन हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र, असे सरकारी प्रमाण आहे. १९७३ च्या कर्तारसिंग समितीने प्रसूतीखेरीज इतर आरोग्यकार्याचा जो भार या बाईच्या खांद्यावर ठेवण्याची शिफारस केली, तो पुढे उतरण्याऐवजी वाढतच गेला.

आता प्रत्यक्ष शिक्षण. औषधे आणि शस्त्रक्रिया यांच्या गोष्टी ऐकायला मिळतील अशा कल्पनेने आलेल्या मुलीचा पहिला हिरमोड होतो तो पलंगापाशी. गादी झटकणे, चादरीचा कोपरा दुमडून तो गादीखाली असा दाबणे की रुग्णाने कूस बदलली तरी सुटू नये, मॅकिंटॉश नावाचे रबरी कापड आणि त्यावरची आडवी चादर ताणून बसवणे, हे ती दिवसामागून दिवस करीत राहते, आणि ट्यूटर एखाद्या बारीक सुरकुतीवर बोट ठेवून सगळे पुन्हा पहिल्यापासून करावयास लावतात. पाठोपाठ बेडपॅन येते, मुखस्वच्छता येते, अंथरुणावरचे स्नान येते. ‘हे काम तर वॉर्डातल्या मावशी करतात, मग आम्ही कशासाठी शिकायचे?’ अशी तक्रार या दिवसांत वसतिगृहातून घरी फोनवर जाते आणि घरचे लोकही मनातून खट्टू होतात.

सुरकुतीचा हा आग्रह टापटिपीसाठी नसतो. ज्याला स्वतःहून हलता येत नाही, त्याच्या माकडहाडावरच्या, खुब्यावरच्या आणि टाचेवरच्या कातडीचा रक्तपुरवठा शरीराच्या भारानेच खुंटतो; ओल आणि सुरकुती त्या दाबाला साह्य करतात, आणि मग प्रथम लाली, नंतर फोड, व दुर्लक्ष झाल्यास हाडापर्यंत पोचणारी जखम असा क्रम लागतो. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलण्याचा शिरस्ता आहे, आणि तो पाळला गेला की नाही हे कागदावर लिहिण्याचाही. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ साली तेथेच प्राणघातक हल्ला झाला, त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या आणि २०१५ साली निवर्तल्या. मधली सुमारे बेचाळीस वर्षे त्याच रुग्णालयाच्या परिचारिकांनी, नोकरीतल्या पिढ्या बदलल्या तरी, त्यांचे खाणेपिणे आणि अंगाची निगा खंड न पडू देता चालविली. त्यांच्या दयामरणाविषयीच्या २०११ च्या निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने या शुश्रूषेची मुक्तकंठाने प्रशंसा केली. वर्तमानपत्रांनी त्या परिचारिकांच्या मायेविषयी लिहिले, ते खोटे नव्हते. पण माया रजेवर जाते, बदली होऊन जाते, निवृत्त होते. एका पाळीने दुसऱ्या पाळीच्या हाती मोजूनमापून सोपविलेले आणि लिहून ठेवलेले काम तेवढे टिकते, आणि पहिल्या वर्षाच्या त्या कंटाळवाण्या चादरीत शिकवायचे असते ते हेच.

दुसरी गोष्ट निरीक्षणाची. नाडी पूर्ण मिनिटभर मोजायची. पण श्वास मोजताना रुग्णाला तो मोजला जात आहे हे कळता कामा नये, कारण कळले की त्याचा श्वास बदलतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट तसेच धरून ठेवायचे आणि नजर छातीच्या वरखाली होण्यावर ठेवायची. हे जिला साधते, तिने शुश्रूषेतील अर्धे रहस्य हस्तगत केले असे मी म्हणेन. डॉक्टर सकाळच्या राऊंडला रुग्णापाशी काही मिनिटे थांबतात. उरलेल्या दिवसभरात आणि रात्रभरात त्याच्या लघवीचे प्रमाण घटले, बोलणे असंबद्ध झाले, ओठांवर निळसर झाक आली, हे पाहणारी व्यक्ती वॉर्डात एकच असते. सलाईनचे गणितही याच खात्यात जमा. पाचशे मिलिलिटर द्रव सहा तासांत द्यावयाचा, नळीतून एका मिलिलिटरला वीस थेंब पडतात, तर मिनिटाला थेंब किती? दहा हजाराला तीनशे साठने भागले की उत्तर येते सुमारे अठ्ठावीस. वर्गातल्या बाकावर हे कोणासही जमेल. रात्री तीन वाजता, शेजारच्या खाटेवरचा रुग्ण नळ्या ओढून काढीत असताना आणि दारात नातेवाईक आवाज चढवीत असताना, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहून थेंब मोजणे ही वेगळीच परीक्षा. आणि दुर्बळ हृदयाच्या वृद्धाच्या बाबतीत तिच्यात कसूर झाली तर फुप्फुसांत पाणी साचायला वेळ लागत नाही.

प्रसूतिकक्षातील पाळी मुली जन्मभर विसरत नाहीत. तेथे भावनेला मज्जाव नसतो, पण तिला थांबावे लागते. बाळ बाहेर आले की त्याचा रंग, श्वास, ठोके, रडणे आणि हातापायांतला जोर पाहून पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला गुण द्यायचे. मातेला ऑक्सिटोसिनचे दहा युनिटांचे इंजेक्शन द्यायचे. आणि वार पडल्यावर ती स्वच्छ उजेडात दोन्ही बाजूंनी उलटून पाहायची, कारण तिचा लहानसा तुकडाही आत राहिला तर रक्तस्राव थांबणार नाही. बाहेर ‘मुलगा की मुलगी’ एवढाच प्रश्न घोळत असतो, त्या वेळी आत एक अठरा-एकोणीस वर्षांची विद्यार्थिनी हातमोज्यांनी वारेच्या कडा जुळवून पाहत असते, हे त्या बाहेरच्यांना बहुधा कधीच कळत नाही.

मृत्यूही याच वयात भेटतो. वसतिगृहात त्याच्याविषयी फारसे बोलले जात नाही. पहिल्या मृत्यूनंतर मुलींशी बसून बोलणारी ट्यूटर ज्या विद्यालयात आहे ते विद्यालय चांगले, असे खुशाल समजावे. डोळे मिटणे, नळ्या काढणे, अंग पुसून स्वच्छ करणे, जबडा बांधणे, ओळखीची चिठ्ठी लावणे आणि अंगावरच्या चीजवस्तू मोजून, सही घेऊन नातलगांच्या हवाली करणे हे सर्व क्रमिक पुस्तकात छापलेले आहे, परंतु ते करताना हात कापतात ही बाब पुस्तकात नाही.

रात्रपाळ्या, गणपती-दिवाळीला घरी न जाता येणे, मेसचे जेवण यांविषयी लिहिण्याजोगे फार नाही; ते सोसावे लागते. गावातल्या पोस्टिंगबद्दल मात्र एक सांगतो. लस दोन ते आठ अंश तापमानातच राहिली पाहिजे, बी.सी.जी. डाव्याच दंडात आणि कातडीच्या थरातच दिली पाहिजे, हे पाठांतर लवकर होते. ओसरीवर बसलेल्या, सासूच्या नजरेखालच्या सुनेला ‘अंगावरून पांढरे जाते का?’ हे सहज, खालच्या आवाजात आणि तिला संकोच न वाटेल अशा बेताने विचारता येणे, याला सबंध वर्ष लागते. गावची आशा स्वयंसेविका बरोबर असली तर तिच्याकडून ते शिकावे. या बाबतीत पुष्कळ ट्यूटरांपेक्षा तिचे ज्ञान पक्के असते.

इतकी ही विद्या. आणि तिची आपल्याकडे संभावना कशी होते पाहा. रमाबाई रानडे यांनी पुण्याच्या सेवासदनातून विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठविण्याचा उपक्रम केला, तेव्हा परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावण्याचे काम घरंदाज बाईने करावे काय, असा त्या काळचा आक्षेप होता. तो आक्षेप आता कोणी उघड बोलत नाही. त्याची जागा गौरवाने घेतली आहे, आणि गौरवाआड एक वेगळाच व्यवहार चालतो. सामान्य वॉर्डात पाच रुग्णांमागे एक आणि अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असे भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण कागदावर आहे. प्रत्यक्षात रात्रपाळीला तीस-चाळीस रुग्णांमागे एक सिस्टर ही गोष्ट आपल्या सरकारी रुग्णालयांत नवलाची नाही. मग ती उणीव भरून काढायची कोणी? दुसऱ्या वर्षाच्या मुलींनी. पदे रिक्त, भरतीची फाईल दप्तरात पडून, आणि शिकण्यासाठी आलेली मुलगी बिनपगारी कामगार म्हणून तैनात, असा हा शिरस्ता ठिकठिकाणी इतका अंगवळणी पडला आहे, की त्यात काही वावगे आहे असे मेट्रनलाही वाटेनासे झाले आहे. जी मुलगी सबंध पाळीभर नुसती रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत पोचवीत फिरते, तिने त्या दिवशी काय शिकले म्हणून प्रोसीजर बुकात लिहायचे? ती काहीतरी लिहिते, ट्यूटर सही करतात, आणि शिक्षणाचे तास भरतात.

काम करता करताच ही विद्या येते, पुस्तकाने नव्हे, असे यावर कोणी म्हणेल. ते मला पूर्ण मान्य आहे. पण करता करता शिकण्यासाठी पाहणारे कोणीतरी शेजारी उभे असावे लागते. नाकातून जठरात नळी घालताना ती श्वासनलिकेत गेली नाही ना, हे तपासून दाखविणारे माणूस बाजूस नसेल, तर विद्यार्थिनी करते ती निव्वळ जोखीम, आणि ती जोखीम रुग्णाच्या जिवावर असते. खासगी विद्यालयांपैकी काहींची तऱ्हा याच्या उलट: तेथे मुलींना काम फार पडते अशी तक्रार नसते, कारण रुग्णालयच नावापुरते असते, बाहुलीवर सुई टोचून आणि दुसऱ्याची वही उतरवून काढून दोन वर्षे पुरी होतात. अशा मुलीच्या हाती पाच हजारांचे गाव सोपविले, तर दोष तिला देण्यात अर्थ नाही.

म्हणून प्रवेशाच्या दिवशी दारात उभ्या असलेल्या वडिलांना आणि मामांना विनंती आहे. फी जरूर विचारा, नोकरीचीही खात्री करून घ्या. त्याचबरोबर परिषदेची मान्यता चालू वर्षाची आहे का, तो कागद डोळ्यांनी पाहा; रुग्णालय संस्थेचे स्वतःचे आहे का, आणि त्यात आज खाटांवर माणसे आहेत का, हे वॉर्डातून एक फेरी मारून पाहा; प्रसूती तेथे होतात का ते विचारा; वॉर्डात मुलींबरोबर ट्यूटर असतात का, हे कार्यालयातल्या कारकुनाला न विचारता दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला विचारा. मूळ प्रमाणपत्रे जमा करावी लागली तर त्यांची पोच घ्या आणि ती परत कधी मिळतील हे लेखी करून घ्या. आणि शासनास एवढेच सांगणे आहे, की ज्या वॉर्डात विद्यार्थिनींची पाळी लावायची, त्या वॉर्डातील परिचारिकांची पदे आधी भरावी, आणि विद्यार्थिनींची गणती मनुष्यबळाच्या तक्त्यात कदापि करू नये.