फ्लाइंग क्लबातला 'क्लब' कुठे गेला?

धुळ्याजवळच्या गोंदूरच्या धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लबची शिकाऊ विमानं आम्ही कित्येक वर्षं बघत आलो आहोत. शिरपूर तालुक्यात तांडे इथे प्रशिक्षणाची आणखी एक धावपट्टी झाली. 2021 मध्ये विमानतळ प्राधिकरणाने देशातल्या पाच विमानतळांवर नव्या वैमानिक प्रशिक्षण संस्थांना जागा द्यायचं ठरवलं, त्यात जळगावचं नाव आलं. म्हणजे खान्देशात आता केळी, कापूस आणि पायलट अशी तीन पिकं निघतात म्हणायची.

या विषयावर आमच्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक सूर वर्तमानपत्री : वा, काय विकास झाला! दुसरा पारावरचा : "गुरुजी, इमानवर पोट भरस का?" मला दोन्ही पटत नाहीत. माझं भांडण तिसरंच आहे. विमानं आमच्या डोक्यावरून उडतात याबद्दल माझी तक्रार नाही. त्यात आमची पोरं नाहीत, ही तक्रार आहे.

क्लब म्हणजे काय हो? चार हौशी माणसांनी एकत्र येऊन, वर्गणी काढून, हौस पुरी करायची जागा. बॉम्बे फ्लाइंग क्लब 1928 साली निघाला तो याच अर्थाने. 10 फेब्रुवारी 1929 रोजी जे. आर. डी. टाटांना तिथून देशातला पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळाला, तेव्हा ते नोकरीसाठी विमान शिकत नव्हते. हौस होती. त्या हौसेतूनच 1932 साली कराची-मुंबई टपाल सुरू झालं आणि पुढे एअर इंडिया उभी राहिली. टाटांचं घर श्रीमंत होतं हे मलाही कळतं. पण पुढे स्वतंत्र भारताचं सरकारही फ्लाइंग क्लबांना अनुदान देत असे. उड्डाणाची गोडी लागलेले तरुण देशाला हवे आहेत, एवढं तरी तेव्हा सरकारला कळत होतं.

आता क्लब नावापुरता उरला. बहुतेक ठिकाणी आज व्यावसायिक परवान्याचे क्लास चालतात. बारावीला फिजिक्स-गणित, दोनशे तासांचं उड्डाण आणि पन्नास लाखांच्या आसपास खर्च. साक्री तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याने सगळं शेत विकलं तरी हा आकडा गाठणं कठीण. मुंबईच्या गर्दीच्या आकाशात शिकाऊ विमानांना जागा उरली नाही, म्हणून ती इकडे आली. यावीत. पण ज्या गावात आलात त्या गावाशी तुमचं नातं कुंपणापुरतंच का?

आता गंमत ऐका. खाजगी, म्हणजे हौशी वैमानिकाच्या परवान्याला दहावी पास पुरते, वय सतरा आणि किमान चाळीस तास उड्डाण. शिकाऊ परवाना तर सोळाव्या वर्षी मिळतो. त्याहून स्वस्त प्रकार मायक्रोलाइटचा, ज्याला लोक अल्ट्रालाइट म्हणतात. एक किंवा दोन माणसांचं विमान, माणसं-इंधन सगळं धरून साडेचारशे किलोंच्या आत. बैलबाजारातल्या तगड्या बैलाएवढं वजन म्हणा ना! यांची बरीचशी इंजिनं मोटारीच्या पेट्रोलवर चालतात. एनसीसीच्या हवाई शाखेची मुलं अशाच विमानांत बसून पहिल्यांदा वर जातात. 2015 साली सरकारने हवाई दल आणि एनसीसी वगैरेंसाठी पिपिस्ट्रेल कंपनीशी 194 छोट्या विमानांचा करार केला होता. म्हणजे हे खूळ माझ्या एकट्याच्या डोक्यातलं नाही. धुळे-जळगावच्या किती शाळांत हे कोणी सांगितलं? मी तीसच्या वर वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. करिअर मार्गदर्शनाच्या नावाखाली पोरांना काय सांगत, ते शिक्षकांच्या खोलीत बसून ऐकलं आहे : डी.एड., पोलीस भरती, फार तर आयटीआय.

कोणी म्हणेल, हौशी माणसाला विमान काय झेपणार? त्याने कॅप्टन अमोल यादवांची गोष्ट ऐकावी. मराठी माणूस, व्यवसायाने वैमानिक. कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर त्याने सहा आसनांचं विमान बांधलं. 2016 मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी ते डोळ्यांनी पाहिलं. सरकारदरबारी नोंदणी व्हायला 2017 उजाडलं. आणि 2020 मध्ये त्या विमानाने चाचणीसाठी जमीन सोडली ती कुठे? आमच्या धुळ्याच्या धावपट्टीवर! कोरोनाचे दिवस होते, शाळा बंद होत्या, हे मान्य. पण पुढच्या वर्षांत किती मास्तरांनी फळ्यावर ते विमान काढून दाखवलं? आम्हाला राइट बंधूंची सनावळी पाठ, गावाशेजारची माहीत नाही.

आणि आमचा संबंध कधी येतो म्हणाल, तर विमान पडल्यावर. 16 जुलै 2021 रोजी शिरपूरहून निघालेलं प्रशिक्षणाचं विमान चोपडा तालुक्यात वर्डी शिवारात सातपुड्यात कोसळलं. प्रशिक्षक जागीच गेले, शिकणारी मुलगी जबर जखमी झाली. धावले कोण? तिथले आदिवासी. एका बाईने आपलं लुगडं दिलं, त्याची झोळी केली आणि त्या मुलीला डोंगरातून खाली आणलं. कौतुक झालं, फोटो आले. त्या बाईच्या नातीला विमानात बसवा असं मात्र कोणाला सुचल्याचं माझ्या वाचनात नाही.

"संस्था खाजगी, त्यांनी धर्मादाय का करावा?" असं आमचे एक स्नेही म्हणतात. धर्मादाय नकोच. गोंदूरची धावपट्टी सरकारी पैशाने झाली, जळगावचा विमानतळही तसाच. शिवाय विमानतळ प्राधिकरणाने प्रशिक्षण संस्थांचं धोरण सैल केलं तेव्हा रॉयल्टी रद्द केली, जागेची भाडी कमी केली. ही सवलत तुमच्या-माझ्या खिशातूनच जाते ना? मग तिच्याबरोबर अट का नको? एसटी महामंडळ विद्यार्थ्यांना पास देतं, त्याला कोणी भीक म्हणत नाही.

धोक्याचं म्हणाल तर आमची पोरं मोटरसायकलवर तिघं-तिघं बसून सुरत-नागपूर हायवेवर जातात, तेव्हा ही काळजी कुठे असते कोण जाणे. आणि वयाचं म्हणाल तर आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना, 2009 साली, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी लोहगावहून सुखोईत बसून उडाल्या होत्या. मी अजून साधा मायक्रोलाइटही जवळून पाहिलेला नाही. असो.

माझं मागणं फार नाही, आणि ते मी दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांना पत्राने कळवतो आहे. सरकारी धावपट्टी वापरणाऱ्या प्रत्येक संस्थेने महिन्यातला एक रविवार जिल्हा परिषदेच्या आणि आश्रमशाळांच्या मुलांसाठी कुंपणाचं फाटक उघडावं. इंजिन उघडून दाखवावं, वाऱ्याची दिशा दाखवणारा तो कापडी मोजा दाखवावा, नकाशा हातात द्यावा, आणि हे सगळं मराठीत सांगावं. दरवर्षी दोन्ही जिल्ह्यांतली मिळून दहा मुलं हौशी परवान्यापर्यंत न्यावीत, खर्च जिल्हा नियोजनातून. आणि एक दोन आसनी मायक्रोलाइट खरोखरच्या क्लबसाठी ठेवावं, ज्याची वर्गणी शाळेतल्या शिपायालाही भरता येईल. पत्राची प्रत आमदार-खासदारांनाही जाईल. पावती मिळाली की इथे लिहीन, नाही मिळाली तरी लिहीन.