वर जाऊन कोणी बघितलं का?

मित्रांनो, आज मला माझी एक चूक तुम्हाला सांगायची आहे.

मागच्या सत्रात तुम्ही 'डोंगर' या विषयावर वाक्यं लिहिली होती. आपल्या वर्गातल्या एका मुलीने लिहिलं, "खूप उंच डोंगरावर, जिथे झाडं नसतात, तिथे उंदीर राहतो." मी लाल रंगाने खूण केली आणि खाली लिहिलं, "एवढ्या उंचीवर प्राणी नसतात." मी मराठी शाळेत असंच शिकलो होतो. पुढच्या रविवारी तिने माइक सुरू करून विचारलं, "दादा, पण वर जाऊन कोणी बघितलं का?"

मी हसलो आणि पुढचा धडा घेतला. ते हसणं मला अजून टोचतं.

कारण कोणीतरी बघितलं होतं. दक्षिण अमेरिकेत चिली आणि अर्जेंटिना यांच्या सीमेवर युयाइयाको नावाचा ज्वालामुखी आहे. (नाव म्हणताना जीभ अडखळते, मान्य!) त्याची उंची 6739 मीटर. तुमच्यापैकी काहीजण सुट्टीत कळसूबाईवर गेला असाल. मी शाळेच्या सहलीला गेलो होतो, तेव्हा धापा टाकत वर पोचलो. असे चार कळसूबाई एकावर एक ठेवले, तरी युयाइयाको थोडा उंचच राहतो. वर ऑक्सिजन समुद्रकिनाऱ्याच्या निम्म्याहून कमी. कडाक्याची थंडी, आणि गवताचं पातंही नाही.

2013 साली दोन गिर्यारोहकांना तिथे 6200 मीटरच्या आसपास एक उंदीर दिसला. शंका येणं साहजिक होतं. पण जे स्टॉर्झ या अमेरिकन शास्त्रज्ञाने नुसती शंका घेतली नाही. 2020 मध्ये तो मारिओ पेरेझ मामानी या गिर्यारोहकाबरोबर स्वतः वर गेला आणि अगदी शिखरावर एक जिवंत उंदीर पकडला! इतक्या उंचीवर सस्तन प्राणी त्याआधी कोणीच पकडला नव्हता.

तरी एक प्रश्न उरला. हे उंदीर तिथेच राहतात, की चुकून वर येतात? मग जवळपासच्या आणखी तीन ज्वालामुखींवर, 6000 मीटरच्या वर, वाळलेले मेलेले उंदीर सापडले. पूर्वी वाटायचं की इंका लोक पूजेसाठी शिखरांवर जायचे, त्यांच्या सामानातून उंदीर गेले असतील. पण तपासल्यावर कळलं की काही उंदीर मरून थोडीच दशकं झाली होती, आणि बाकीचे फार तर 350 वर्षांपूर्वीचे होते. इंका राज्य तर त्याच्याही आधी संपलं होतं. म्हणजे उंदीर आपल्याच पायांनी वर गेले होते.

माझं मत असं आहे की पुस्तकातलं "तिथे काही नाही" हे वाक्य पुष्कळदा "तिथे कोणी गेलं नाही" असं असतं. माझ्या ऑफिसच्या कामात हा फरक रोज येतो. तक्त्यात शून्य लिहिलं असेल, तर कोणीतरी मोजलं आणि काही मिळालं नाही. जागा रिकामी असेल, तर कोणी मोजलंच नाही. रिकाम्या जागेला शून्य समजलं की हिशोब चुकतो, हे मी ऑफिसात नव्या मुलांना शिकवतो. आणि तुमच्या वहीत मी स्वतः तेच केलं!

आता तुम्ही म्हणाल, मग कोणी काहीही सांगितलं तरी खरं मानायचं का? नाही हो. शास्त्रज्ञांनी शंका घेतली ते बरोबरच होतं. माझी शंका मात्र आळशी होती. मी खुर्चीत बसून "नाही" म्हणालो.

त्या मुलीच्या वहीतली लाल खूण मी काढली आहे. वर्गात सगळ्यांसमोर तिला सॉरीही म्हटलं. तिने लगेच पुढचं विचारलं, "पण दादा, तिथे गवत नाही, तर ते खातात काय?"

या वेळी मी हसलो नाही.