घरबसल्या चित्रोत्सव

चित्रपट पाहणें म्हणजे अभ्यासाची हानि, असें मानणारे पालक आमच्या परिचयाचे पुष्कळ आहेत. व त्यांचें म्हणणें सर्वस्वी खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु हल्लीं त्यांच्यापुढें एक निराळाच प्रश्न उभा राहिला आहे. मुलगा चित्रपट पाहण्याची नव्हे, काढण्याची परवानगी मागतो. आणि आपला दहा मिनिटांचा लघुपट इंटरनेटवर भरणाऱ्या एखाद्या महोत्सवाकडे पाठवूं द्यावा, असा हट्ट धरतो. अशा वेळीं वडिलांनीं काय उत्तर द्यावें?

असल्या महोत्सवास 'आभासी' असें नांव पडलें आहे. आम्हांस तें रुचत नाहीं. चित्रपट खरा, त्यासाठीं जागविलेल्या रात्री खऱ्या. आभास असलाच तर तो प्रेक्षकाचा, आणि त्याविषयीं पुढें बोलूं.

जर्मनींतील ओबरहाउझेन हें कोळसा व पोलाद ह्यांवर वाढलेलें शहर. तेथें १९५४ सालीं लघुपटांचा महोत्सव सुरू झाला. 'शेजाऱ्याकडे जाणारा मार्ग' हें पुढें त्याचें ब्रीद झालें. १९६२ सालीं ह्याच महोत्सवांत २६ तरुण चित्रपटकारांनीं जाहीरनामा काढून जुन्या चित्रपटधंद्याशीं उघड फारकत घेतली. लघुपट हाच त्यांचा आखाडा होता. २०२० च्या मे महिन्यांत कोरोनाच्या सांथीमुळें प्रेक्षागृहें बंद पडलीं, तेव्हां ह्या महोत्सवानें आपला ६६ वा उत्सव रद्द न करितां इंटरनेटवर भरविला. त्याच महिन्याच्या २९ तारखेपासून दहा दिवस जगांतील अनेक महोत्सवांनीं मिळून यूट्यूबवर विनामूल्य उत्सव केला. त्यांत मुंबईचाही महोत्सव होता. तालुक्याच्या गांवीं राहणाऱ्या मुलास जें पाहावयास पूर्वीं आगगाडीचें भाडें व मुंबईंतील मुक्काम लागला असता, तें त्याच्या ओसरीवर आलें. हा लाभ लहान नव्हे.

लघुपट म्हणजे पोरखेळ, असेंही कोणी समजूं नये. दादासाहेब फाळक्यांनीं 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वीं, १९१२ सालीं, कुंडींतील वाटाण्याचें रोप कसें वाढतें ह्याचें एक चिमुकलें चित्र काढलें. आणि तें पाहूनच कांहीं गृहस्थ त्यांस पैसे कर्जाऊ देण्यास तयार झाले. नागराज मंजुळे ह्यांनीं अहमदनगर (हल्लींचें अहिल्यानगर) येथें शिकत असतां 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. त्यास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, व 'फँड्री' आणि 'सैराट' त्यानंतर आले.

आतां प्रेक्षकाविषयीं. फाळक्यांचें चित्र थोड्याच लोकांनीं पाहिलें, पण समोर बसून पाहिलें. प्रेक्षागृहांत कोणी खोकतो, कोणी भलत्याच ठिकाणीं हंसतो, आणि कधीं कधीं सर्वत्र अशी शांतता पसरते कीं चित्रपटकार ती जन्मभर विसरत नाहीं. घरबसल्या महोत्सवांत ह्यांतलें त्यास कांहींच कळत नाहीं. प्रेक्षक तिसऱ्या मिनिटास चित्र थांबवून भाजी फोडणीस टाकावयास उठतो, आणि पुन्हां येतच नाहीं. किती जणांनीं पाहिलें हा आंकडा मिळतो. परंतु आंकडा हंसत नाहीं कीं जांभई देत नाहीं.

तथापि आमचें मत विचाराल तर पाठवूं द्यावें. मात्र महोत्सव कोण भरवितो, प्रवेशशुल्क किती, आणि पूर्वीं निवडलेले लघुपट कोठें पाहावयास मिळतात, ह्याची चौकशी वडिलांनीं स्वतः करावी; कारण शुल्क घेऊन येईल त्यास प्रशस्तिपत्र देणारे उत्सवही निघाले आहेत. दुसऱ्याचें गाणें परवानगीवांचून आपल्या चित्रास जोडूं नये, हेंही मुलास आधींच बजावावें. आणि पाठविण्यापूर्वीं एका रात्रीं घरचें प्रेक्षागृह करावें. दिवे मालवावेत, सर्वांचे मोबाईल आजीच्या स्वाधीन करावेत, शेजारच्या काकूंसही बोलवावें, आणि शेवटचें नांव पडद्यावरून जाईपर्यंत कोणी उठूं नये. मुलानें चित्राकडे न पाहतां माणसांकडे पाहावें. आणि वडिलांस कितव्या मिनिटास डुलकी लागली, तें वहींत टिपून ठेवावें.