विश्लेषण : एक सामना हरला की वर्ष संपले! शालेय स्पर्धांची ‘बाद’ पद्धत तळेघरच्या मुलींना न्याय देते का?

समजा, तळेघर परिसरातील एका शाळेचा 17 वर्षांखालील मुलींचा खो-खो संघ तालुकास्तरीय स्पर्धेला निघाला आहे. पहाटे उठायचे, डबे भरायचे, डिंभे धरणाच्या कडेने वळणावळणाचा रस्ता उतरून घोडेगाव गाठायचे. मैदानावर पोहोचल्यावर भाग्यपत्रिका हातात पडते आणि पहिलाच सामना गतविजेत्या संघाशी असल्याचे कळते. मुली जीव तोडून खेळतात आणि दोन गुणांनी हरतात. सकाळचे अकरा वाजलेले असतात. डबे अजून उघडलेले नसतात, पण स्पर्धा संपलेली असते.

त्याच पत्रिकेच्या दुसऱ्या टोकाला एका संघाला पहिल्या फेरीत पुढे चाल मिळते. दुसऱ्या फेरीतला प्रतिस्पर्धी संघ येतच नाही. म्हणजे एकही सामना न खेळता हा संघ आणखी एक फेरी पुढे जातो.

हा प्रसंग काल्पनिक आहे. पण शालेय स्पर्धांना मुले घेऊन जाणाऱ्या कोणत्याही क्रीडाशिक्षकाला तो ओळखीचा वाटेल. यात कोणी लबाडी केलेली नाही. पंचांनी चूक केलेली नाही. चिठ्ठ्याही सर्वांसमोर टाकल्या असतील. तरीही काहीतरी खटकते. ते नेमके काय?

शिडी कशी आहे?

महाराष्ट्रात शालेय स्पर्धा क्रीडा व युवक सेवा संचालनालयामार्फत होतात. 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे तीन वयोगट असतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय, अशी ही शिडी. सांघिक खेळांत साधारणपणे प्रत्येक पायरीवरून विजेता संघच वर जातो. तालुक्यात दुसऱ्या आलेल्या संघाला ढाल मिळेल, टाळ्या मिळतील, पण जिल्ह्याचे तिकीट मिळत नाही. आश्रमशाळांसाठी आदिवासी विकास विभागाच्या स्पर्धा वेगळ्या होतात. घोडेगाव प्रकल्पातून ठाणे अपर आयुक्तांच्या विभागात आणि तिथून राज्यावर, अशी ती दुसरी वाट आहे.

‘शाळेतले खेळ आहेत, हरले तर हरले’ असे म्हणून हा विषय सोडून देता येत नाही. दहावी-बारावीला मिळणारे क्रीडा सवलतीचे गुण स्पर्धेचा स्तर आणि तिथले स्थान पाहून ठरतात. पुढे सरकारी नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणासाठीही पदके आणि त्यांचा स्तर मोजला जातो. तळेघर, भीमाशंकर पट्ट्यातल्या मुलीसाठी ही शिडी म्हणजे गावाबाहेर पडण्याच्या मोजक्या वाटांपैकी एक आहे.

चिठ्ठीचे गणित काय सांगते?

आठ संघांची बाद फेरी घ्या. त्यातले दोन संघ इतके चांगले आहेत की बाकीच्या सहांपैकी कोणालाही ते हरवतील. न्यायाने हे दोघे अंतिम फेरीत भेटायला हवेत. पण चिठ्ठ्या टाकल्यावर पहिल्या संघाची जागा ठरली की दुसऱ्यासाठी सात जागा उरतात. त्यातल्या चार पत्रिकेच्या दुसऱ्या अर्ध्या भागात आणि तीन त्याच भागात. म्हणजे सातपैकी तीन वेळा, सुमारे 43 टक्के, दुसऱ्या क्रमांकाचा संघ अंतिम फेरीआधीच बाहेर पडतो. सातपैकी एकदा तर तो पहिल्याच सामन्यात घरी जातो.

सर्वोत्तम संघाचेही फार बरे नाही. तो प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता 70 टक्के धरली, तर सलग तीन सामने जिंकण्याची शक्यता 0.7 × 0.7 × 0.7, म्हणजे जेमतेम 34 टक्के. तीनपैकी दोन वेळा विजेता दुसराच कोणीतरी ठरणार!

आयपीएल पाहणाऱ्यांना यावरचा उपाय पाठ आहे. 2011 पासून तिथे गुणतक्त्यातल्या पहिल्या दोघांना ‘क्वालिफायर’ मिळतो. तो हरला तरी आणखी एक संधी असते. तिसऱ्या-चौथ्याला मात्र ‘एलिमिनेटर’, हरले की बाहेर. त्या वाटेने येऊन करंडक जिंकण्याची किमया सनरायझर्स हैदराबादने 2016 मध्ये केली. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात सहा संघ प्लेऑफमध्ये गेले आणि पहिल्या दोघांना थेट उपांत्य फेरी मिळाली. पुणेरी पलटण तक्त्यात अव्वल होती आणि शेवटी विजेतीही तीच ठरली. चांगले खेळल्याची पुंजी पुढच्या फेरीत सोबत येते, हे या पद्धतीचे मर्म आहे.

मग शाळांनाही मानांकन द्या की!

इथेच खरी मेख आहे. मानांकन म्हणजे ताकदवान संघांना पत्रिकेत आधीच लांब लांब ठेवणे. ऐकायला सोपे, पण ताकदवान कोण हे ठरवायचे कशावरून?

अमेरिकेतल्या शाळांमध्ये सॉफ्टबॉल हा मुलींचा मोठा खेळ आहे. तिथला शालेय संघ प्लेऑफआधी साधारण वीसेक सामने खेळतो. अनेक राज्यांत त्या निकालांवरून सूत्राने क्रमवारी काढली जाते. विद्यापीठांच्या सॉफ्टबॉलमध्ये वापरले जाणारे आरपीआय हे असेच सूत्र. त्याच्या मूळ रूपात स्वतःच्या विजयांना 25 टक्के वजन, प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांना 50 टक्के आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना 25 टक्के. दुबळ्यांना झोडपून कोणी वर चढू नये, हा हेतू. त्यावरही तिथे भांडणे होतातच. दुर्गम भागातल्या शाळांना तगडे प्रतिस्पर्धी मिळत नाहीत, म्हणून त्यांचा आकडा खाली राहतो. इंडियाना राज्याने तर अनेक दशके शालेय स्पर्धांसाठी चिठ्ठ्यांचीच पद्धत ठेवली.

आता हे सूत्र तळेघरला लावून पाहा. स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यातच सुरू होतो. भीमाशंकरच्या कुशीतला हा पट्टा तेव्हा धुक्यात आणि चिखलात असतो. खो-खोचा पाटा आखला तरी तासाभरात पुसला जातो. त्यातच भाताची आवणी. मंचर, घोडेगावच्या बाजूला सराव सामने जुळवणे तुलनेने सोपे आहे. वरच्या गावांतल्या संघाचा मात्र तालुक्याचा पहिला सामना हाच बहुधा वर्षातला पहिला खरा सामना असतो. सूत्राला द्यायला आकडेच नाहीत.

मग उरते गेल्या वर्षीची कामगिरी. पण 17 वर्षांखालचा संघ दर दोन वर्षांत जवळपास नवा होतो. गेल्या वर्षी जिंकलेल्या मुली दहावी होऊन गेल्या, मानांकन मात्र शाळेच्या नावावर राहिले. म्हणजे मोठ्या शाळेला सोपी वाट आणि नवख्या शाळेला पहिल्याच फेरीत तिच्यासमोर उभे करणे, हे दरवर्षी ठरूनच गेले. चिठ्ठी निदान आंधळी तरी असते. नावावर दिलेले मानांकन डोळस असते आणि त्याचे डोळे नेहमी मोठ्या शाळेकडे असतात.

म्हणून उपाय मानांकनापासून सुरू करणे चूक ठरेल. आधी प्रत्येक संघाला किमान दोन सामने मिळायला हवेत. त्या सामन्यांतून जे दिसेल त्यावर पुढच्या फेरीचे मानांकन ठरावे.

वेळ आणि पैसा कुठून आणायचा?

आयोजकांचा हा प्रश्न रास्त आहे. पंच मोजके, मैदाने मोजकी, आणि मुलांना अंधार पडण्याआधी घरी पोहोचवायचे असते. पण हिशेब मांडून पाहिला तर तो वाटतो तितका अवघड नाही.

13 संघ असतील तर बाद पद्धतीत 12 सामने होतात. सगळ्यांची सगळ्यांशी साखळी खेळवली तर 78, ते अर्थातच अशक्य. दोनदा हरल्यावरच बाहेर काढणारी ‘दुहेरी बाद’ पद्धत घेतली तर 24 किंवा 25. पण एक गट चार संघांचा आणि तीन गट तीन-तीन संघांचे केले, तर साखळीचे 15 सामने होतात. चार गटविजेत्यांची उपांत्य फेरी आणि अंतिम सामना धरून एकूण 18. म्हणजे फक्त सहा सामने जास्त. दोन मैदाने असतील तर प्रत्येकावर तीन.

तीनच्या गटात खोट आहे, हेही सांगायला हवे. शेवटच्या सामन्यात एक संघ बाहेर बसलेला असतो आणि खेळणाऱ्या दोघांना सोयीचा निकाल आधीच कळलेला असतो. फिफाने 2026 च्या विश्वचषकासाठी तीन-तीनचे 16 गट ठरवले होते. 2023 मध्ये तो बेत बदलून चार-चारचे 12 गट केले गेले. शालेय खो-खोत कोणी असे संगनमत करेल का, हा भाग वेगळा. तरी जमेल तिथे चारचा गट बरा.

तिघांनीही एकेक सामना जिंकला तर? सॉफ्टबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेकडे याचे नेटके उत्तर आहे. काढलेल्या धावा भागिले फलंदाजी केलेले डाव, त्यातून वजा दिलेल्या धावा भागिले क्षेत्ररक्षण केलेले डाव. मोठी आघाडी घेऊन सामना लवकर संपवणाऱ्या संघाचे यात नुकसान होत नाही. निकष कोणताही घ्या, तो पहिल्या शिट्टीआधी सर्वांना लेखी माहीत हवा. बंगळूरु आणि चेन्नई 2024 मध्ये 14-14 गुणांवर अडकले आणि धावगतीवर बंगळूरु पुढे गेले. किती धावा हव्यात हे चेन्नईला सामन्याआधीच ठाऊक होते, म्हणून हळहळ झाली तरी अन्यायाची तक्रार झाली नाही.

सॉफ्टबॉलचे वेगळे दुखणे

राज्याच्या शालेय स्पर्धांच्या यादीत सॉफ्टबॉलही आहे. संघ कमी असल्याने अनेक जिल्ह्यांत त्याची सुरुवात थेट जिल्हास्तरापासून होते. कबड्डी किंवा खो-खोच्या संघाला जिल्ह्यावर पोहोचण्यासाठी आधी अख्खा तालुका जिंकावा लागतो, सॉफ्टबॉलच्या संघाने नाव नोंदवले की तो जिल्ह्यावर. यात सॉफ्टबॉल खेळणाऱ्यांचा दोष नाही. पण ‘जिल्हास्तर’ हा एकच शब्द प्रमाणपत्रावर दोन अगदी वेगळ्या कष्टांसाठी छापला जातो.

दुसरी गोष्ट पिचरची. सॉफ्टबॉलमध्ये एक चांगली पिचर अख्खा सामना फिरवते, त्यामुळे एका सामन्याच्या निकालावर संघाची खरी ताकद जोखणे आणखी धोक्याचे. 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये अमेरिका साखळीत सातही सामने जिंकून अव्वल होती, जपान दुसरा. प्लेऑफची पद्धत आयपीएलसारखीच होती. पहिल्या लढतीत अमेरिकेने जपानला पुन्हा हरवले. जपानने दुसऱ्या संधीत ऑस्ट्रेलियाला 12 डावांत नमवले आणि अंतिम सामन्यात अमेरिकेला 3-1 ने हरवून सुवर्ण नेले. जपानची पिचर युकिको उएनो हिने दोन दिवसांत तीन सामन्यांत 413 चेंडू टाकले.

न्याय झाला का? अमेरिकेने जपानला दोनदा हरवले होते आणि ती एकदाच हरली, तेही शेवटी. जपानला मिळाली तशी दुसरी संधी तिला मिळाली नाही. म्हणजे प्लेऑफची कोणतीही रचना पूर्ण निर्दोष नसते. शाळांसाठी मात्र 413 हा आकडा जास्त महत्त्वाचा आहे. सामने वाढवायचे तर पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या खांद्याचाही विचार हवा. सॉफ्टबॉलमध्ये गटसाखळी एका दिवसात कोंबता येणार नाही. खो-खो किंवा कबड्डीत ती तुलनेने सहज बसते.

तेरा तालुके आणि एक जागा

जिल्ह्यावर गेल्यावरही वाट अरुंदच आहे. शालेय स्पर्धांत महापालिका क्षेत्राला स्वतंत्र जिल्ह्यासारखे स्थान असते. त्यामुळे विभागीय स्पर्धेत पुणे महापालिकेचा एक विजेता, पिंपरी-चिंचवडचा एक आणि जुन्नरपासून इंदापूरपर्यंतच्या 13 तालुक्यांचा मिळून एक. शहरातल्या शाळांनाही गर्दीतून वाट काढावी लागते, हे खरे. पण बारामतीची मुलगी आणि तळेघरची मुलगी एकाच जागेसाठी झगडणार असेल, तर ती जागा एका चिठ्ठीवर ठरू नये, एवढी अपेक्षा जास्त नाही.

यावर ‘मग विभाग सोडा, थेट राज्यातले सर्वोत्तम संघ घ्या’ असे कोणी म्हणेल. ते मात्र नको. प्रत्येक विभागाचा विजेता राज्यावर जातो, म्हणूनच खेळ सगळ्या विभागांत जिवंत आहे. नाहीतर दोन-तीन शहरांचेच संघ आपापसात खेळत राहतील.

हंगामाच्या सुरुवातीला तालुक्यातालुक्यात क्रीडाशिक्षकांची सहविचार सभा होते. तारखा, मैदाने, प्रवेशिका यांवर तिथे चर्चा होते. भाग्यपत्रिका गटसाखळीची करा, बरोबरीचे निकष पत्रिकेच्या खालीच छापा आणि ती आदल्या संध्याकाळी शाळांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका, या तीन मागण्या मांडण्याची जागाही तीच. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या शाळांनी त्या सभेला पाऊस असला तरी पोहोचायला हवे.