तिसऱ्यांदा पसंत पडलेला माल

नमुना हातोहात खपावा आणि मूळ माल मात्र पसंत न पडल्याने अडवून ठेवावा लागावा, असा प्रसंग व्यापारात क्वचितच येतो. अमेरिकेतील इलेक्ट्रा या ध्वनिमुद्रिका कंपनीवर तो १९६५ साली आला. माल होता शिकागोच्या ‘पॉल बटरफिल्ड ब्लूज बँड’ या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका. वृंदाचा नायक बटरफिल्ड हा गायक आणि माउथ ऑर्गनवादक.

माउथ ऑर्गन म्हणजे जत्रेतले खेळणे, अशी आपल्याकडे समजूत आहे. वस्तुतः तो भजनातील पेटीचाच धाकटा भाऊ होय. दोहोंतही धातूची पातळ पट्टी हवेने थरथरते व स्वर उमटतो. मात्र पेटीला मींड साधत नाही. दहा छिद्रांच्या या वाद्यावर श्वास आत ओढताना तोंडाच्या पोकळीचा आकार बदलून स्वर खाली खेचता येतो, आणि ब्लूजमधील सारी आर्तता त्या खेचीत आहे. शिकागोच्या लिटल वॉल्टर या कृष्णवर्णीय वादकाने वाद्य आणि मायक्रोफोन एकाच ओंजळीत धरून तो आवाज विजेच्या साह्याने भरदार केला. बटरफिल्ड गौरवर्णीय, पण त्याच पठडीत तयार झालेला. त्याचे साथीदार जेरोम अरनॉल्ड आणि सॅम ले हे कृष्णवर्णीय. दोघेही पूर्वी हाउलिन वुल्फ या थोर गायकाच्या पदरी होते. त्या काळच्या अमेरिकेत असा मिश्र वृंद विरळाच.

निर्माता पॉल रॉथचाइल्ड याने डिसेंबर १९६४ मध्ये पहिले मुद्रण केले. त्या सुमारास ध्वनिमुद्रित झालेले ‘बॉर्न इन शिकागो’ हे गीत कंपनीच्या ‘फोकसाँग ’६५’ या स्वस्त संग्रहात आले व संग्रह अपेक्षेहून कितीतरी अधिक खपला. गिऱ्हाईक दारात उभे होते. तरीही रॉथचाइल्डने ते मुद्रण नापसंत ठरविले. मग न्यूयॉर्कच्या ‘कॅफे ओ गो गो’ येथे श्रोत्यांसमोर मुद्रण झाले, तेही बाद. दोनदा खर्ची नोंद, जमेच्या बाजूस शून्य, आणि तारण म्हणाल तर एका निर्मात्याचा कान! कोणत्याही बँकेने असे कर्ज मंजूर केले नसते. कंपनीचे मालक जॅक होल्झमन यांनी तिसऱ्यांदा पैसे घातले. या औदार्यापेक्षा त्यांची माणसाची पारख अधिक मोलाची वाटते.

तिसरे मुद्रण सप्टेंबरात झाले. या खेपेस मार्क नॅफ्टलिनच्या ऑर्गनची भर पडली. ऑक्टोबर १९६५ मध्ये ध्वनिमुद्रिका बाजारात आली, पण बिलबोर्डच्या यादीत तिची मजल १२३ व्या स्थानापर्यंतच गेली. मान मिळाला तो सावकाश. २०१५ साली वृंदाचा समावेश रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये झाला.

नाकारलेले पहिले मुद्रण १९९५ मध्ये प्रसिद्ध करण्यात आले. काही गाणी दोन्हीकडे आहेत. जिज्ञासूंनी आधी नाकारलेले ऐकावे, मग पसंत पडलेले. मधे फार वेळ जाऊ देऊ नये.